पार्देला उत्तर देत नाही

१

निळ्या मखमलीची डबी कपाटात जागच्या जागी होती. आतली काच मात्र नव्हती.

डोंगरावरच्या आमच्या स्थानकाचे प्रमुख सेन्योर आन्सेल्मो यांनी ती उघडी डबी आणून आमच्या कॉफीच्या पेल्यांमध्ये ठेवली. "परवा आपण एक यान गमावलं," ते म्हणाले. "आज कळतंय की एक काचही गमावली आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मला कुणीतरी पटवून द्या."

मेजाभोवती आम्ही तिघे होतो. मी, आइराम, यानाकडून येणारा प्रकाश पडद्यावर मोजणे हे माझे काम. माझ्यासमोर यायसा, आमची शलाका आकाशात नेमकी कुठे जावी, हे ती ठरवते. आणि खुर्ची रिकामी असूनही दाराशी उभा राहिलेला चानो. समुद्रापलीकडच्या ला गोमेरा बेटावर, एका उंच डोंगरधारेवर आमची एक काच बसवलेली आहे. तिची देखभाल तो करतो. पहिल्या बोटीने त्याला बोलावून घेतले होते. डबीतली काच ही त्या धारेवरच्या काचेची जुळी बहीण. पहिलीला कधी तडा गेला तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली.

पार्देला हे आमच्या यानाचे नाव. समुद्रावर कुठेही भटकली तरी वसंतात आपल्याच कड्यावर परतणाऱ्या पक्ष्यावरून ते ठेवले होते. एका धूमकेतूच्या मागे ती फार लांब गेली होती. तिच्याशी आम्ही लेसरने बोलत असू. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची बारीक शलाका आम्ही तिच्याकडे सोडायची. ती दिसली की पार्देलाने वळायचे आणि आपल्या शलाकेतून उत्तर द्यायचे. आमचा प्रकाश दिसला नाही, तर ती बोलत नसे. आता तिच्या पंखांवर धूमकेतूची धूळ साचली होती आणि वीज सरत आली होती. कायमची विझण्यापूर्वी ती दोनदाच जागी होणार होती. पहिली वेळ तीन मेची होती. आकाश निरभ्र होते, शलाका वेळेवर निघाली, आणि उत्तर आले नाही.

"आठ तारखेला ती पुन्हा जागी होईल," यायसा म्हणाली. "मला तेवढी एक वेळ द्या."

"त्यासाठी बेटावरचं आकाश विमानांना बंद करावं लागतं, यायसा. विमानतळाला मी काय सांगू? परवा का चुकलं?"

"माहीत नाही."

"मग यान मेलंय, असं मी लिहून देतो."

"ती मेलेली नाही. आठ तारखेला शलाका बरोबर जाईल."

"कशावरून?"

यायसाने खाली पाहिले. सेन्योर आन्सेल्मोंनी डबीचे झाकण हळूच मिटले. "मुख्य कार्यालयातून चौकशीला एक बाई येताहेत. त्यांना हेही सांग, की या कपाटाच्या किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्याकडे असते."

दुसरी किल्ली यायसाच्या नवऱ्याची, तानाउसूची होती. डिसेंबरात तो वारल्यापासून ती यायसाच्या गळ्यातल्या साखळीत होती.

२

ओब्दुलिया चिनेया दुपारी आल्या. बुटक्या, रुंद, पायात डोंगर चढण्याचे जाड बूट, आणि खांद्यावरच्या पिशवीत कागदांपेक्षा सुके अंजीर जास्त. यंत्रे दाखवायला मी त्यांना आत नेऊ लागलो, तर त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवले. रेतामाची झुडपे पांढऱ्या फुलांनी लवली होती, आणि खाली ढगांचा समुद्र पसरला होता.

"यंत्रं मला कळत नाहीत, मी निन्यो," त्या म्हणाल्या. मुलाला 'मी निन्यो', मुलीला 'मी निन्या', म्हणजे 'माझ्या बाळा', अशी हाक आमच्या बेटांवर वडीलधारी माणसे लहानांना मारतात. "माणसं थोडीफार कळतात. गोमेरावरच्या त्या काचेचं तुम्हाला काय काम, ते मला माझ्या मावशीला सांगावं तसं सांग."

मी सांगितले. पार्देला दिवसा डोक्यावर येते. दिवसा तारे दिसत नाहीत, त्यामुळे आपला नेम बरोबर आहे की नाही, हे ताऱ्यावरून पडताळता येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी आधी समुद्रापलीकडच्या त्या काचेवर एक मंद शलाका टाकायची. काचेची जागा पक्की मोजलेली आहे. तिथून परतलेला ठिपका पकडला, की यंत्राला आपण कुठे बघतो आहोत ते उमगते; मग तिथून मोजून आकाशाकडे वळायचे.

"म्हणजे आरसा."

"आरसा नव्हे. आरसा केसभर वाकडा झाला तरी प्रकाश भलतीकडे फेकतो. ही काच म्हणजे तीन आरशांचा कोपरा आहे. तिरकी धरा, उलटी टांगा. प्रकाश ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो."

"माझ्या नवऱ्यात हा गुण असता तर!" त्यांनी एक अंजीर माझ्या हातावर ठेवले. "परवा ठिपका सापडला होता?"

"लगेच. यायसा म्हणालीसुद्धा, आज काच न्हाऊन आल्यासारखी दिसतेय."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"चार तारखेला सेन्योर आन्सेल्मोंनी सगळं पुन्हा तपासायला लावलं. तेव्हा रात्री ताऱ्यांवरून पडताळला, तर नेम तंतोतंत बरोबर निघाला. म्हणून तर त्यांना वाटतं, परवा यायसाचा हात चुकला. किंवा तिने चुकवला." पुढचे वाक्य उच्चारायला मला जड गेले. "पार्देलाचा शलाका टिपणारा डोळा तिच्या नवऱ्याने, तानाउसूने बनवलेला. साहेब म्हणतात, दुःखात माणूस काय करील, सांगता येत नाही."

ओब्दुलिया ढगांकडे पाहत राहिल्या. "एप्रिलच्या शेवटी कालिमा आली होती ना? आफ्रिकेची सगळी धूळ माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर. मग तीन तारखेला काच न्हालेली कशी?"

"चानोने पुसली होती. साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं."

"बरं. आणि चार तारखेला ठिपका तसाच झळकत होता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच थांबलो. आजवर मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. चार तारखेचा ठिपका डोळ्यांपुढे आला: मळकट, कसाबसा दिसणारा, धुक्यातल्या कंदिलासारखा.

"नाही," मी म्हणालो. "अगदी मंद होता."

"आणि मधल्या काळात धूळ आली नाही." त्या अंजिराचा देठ तोडत म्हणाल्या. "पुसलेली काच एका दिवसात इतकी कशी मळते रे?"

३

यायसा दुर्बिणीच्या घुमटाखाली बसली होती. तिच्या हातात ते लहानसे पत्त्याएवढे कार्ड होते, जे अदृश्य शलाकेत धरले की हिरवट उजळते. आता शलाका नव्हती. तरीही ती ते बोटांत फिरवत होती.

"माझ्याच हातून चुकलं असेल," आम्ही टेकताच ती म्हणाली. "तसं लिहा."

"अगं, मी अजून काही विचारलं नाही," ओब्दुलिया म्हणाल्या. "इतक्या चटकन कबूल होणारी माणसं मला आवडत नाहीत. माझं काम वाढतं."

"दुसरं कारणच नाही."

"मग आठ तारखेला नेम नक्की बसेल, हे तू कशाच्या बळावर सांगतेस? ज्याला आपली चूक कुठे झाली ते माहीत नसतं, तो ती पुन्हा होणार नाही अशी हमी देत नाही."

यायसाच्या बोटांतले कार्ड थांबले.

"डबीतली काच तू घेतलीस?"

"किल्ली माझ्याकडे आहे."

"मी किल्लीचं विचारलं नाही, मी निन्या."

"तुम्हाला हवं ते लिहा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दिवस मावळल्यावर घरातला एकेक दिवा मालवत जावे, तशी ती शब्द मालवत होती. "फक्त आठ तारखेची वेळ मिळवून द्या. मी नसले तरी चालेल. आइरामला नेम धरता येतो."

ओब्दुलियांनी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या आम्ही गोमेराला जातोय. येतेस?"

यायसाचा चेहरा क्षणात उतरला. "तिथे कशाला? तिथे काही नाही."

"काच आहे."

"आइराम, तू सांग यांना," ती माझ्याकडे वळली. "त्या डोंगरावर बघण्यासारखं काहीच नाही."

पार्किंगमध्ये ओब्दुलियांनी विचारले, "ती तिथे का जात नाही?"

मी सांगितले. डिसेंबरातल्या एका वादळी सकाळी गोमेरावरचा ठिपका नाहीसा झाला. यायसाने तानाउसूला फोन केला. तो सुट्टीसाठी त्याच बेटावर, आईकडे गेला होता. काच झाकली गेली आहे का, ते बघायला तो धारेवर चढला, आणि ओल्या खडकावरून त्याचा पाय घसरला. दफनाच्या वेळी त्याची आई, दोन्या बेनिग्ना, सगळ्यांसमोर यायसाला म्हणाली, "तुझ्या एका ठिपक्यासाठी माझा मुलगा वर गेला. माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस."

ओब्दुलियांनी गाडीचे दार उघडले, पण त्या आत बसल्या नाहीत.

"एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? आपल्यावर चोरीचा आळ आलेला माणूस पहिल्यांदा काय विचारतो? ती वस्तू कुठे गेली असेल, हेच. या पोरीने ते विचारलंच नाही. ती काच कुठे आहे, हे तिला ठाऊक आहे."

४

दुसऱ्या दिवशी गोमेरावरच्या सान सेबास्तियानच्या बंदरातून चानोने आम्हाला आपल्या खटारा गाडीतून धारेखालच्या वस्तीपर्यंत नेले. पुढे पायवाट होती. वाटेतल्या वळणावर तो थांबला, बोट वाकवून तोंडात घातले आणि दरीपार एक लांब, चढती-उतरती शिट्टी फेकली. थोड्या वेळाने पलीकडच्या उतारावरून तशीच एक परत आली. दऱ्यांच्या या बेटावर लोक शिट्टीतच सबंध वाक्ये बोलतात.

"दोन्या बेनिग्नाला कळवलं, दोन पाहुणे येताहेत म्हणून," चानो मला म्हणाला.

"खोटं बोलू नकोस रे," ओब्दुलिया धापा टाकत म्हणाल्या. "तू सांगितलंस, कार्यालयातली एक जाडी बाई येतेय आणि ती वाटेत मेली नाही तर जेवायला थांबेल. मी याच बेटावर वाढलेय. माझी आई मला अशाच शिट्टीने घरी बोलवायची."

चानोचे कान लाल झाले. तो पुढे भराभर चालू लागला.

धारेवर वारा होता. समोर समुद्र, त्यावर ढग, आणि ढगांवर आमचा डोंगर. त्याच्या खांद्यावर स्थानकाचा घुमट तांदळाच्या दाण्याएवढा. खांबावर बसवलेली काच त्याच दिशेला पाहत होती. ओब्दुलिया तिच्यासमोर उभ्या राहिल्या, बोट टेकवले आणि तपकिरी धुळीत स्वतःचे नाव लिहिले. ते सबंध मावले.

"चानो," त्या वळून न पाहता म्हणाल्या, "ही तू कधी पुसलीस?"

"बाई, मी..." त्याने टोपी काढली. "मी आलोच नाही. क्रुसाचा सण तोंडावर होता, गावातले सगळे क्रूस रंगवायचे होते. आणि खरं सांगू? तानाउसू पडला त्या जागेवर यायला पाय उचलत नाही. लहानपणी आम्ही इथे एकत्र शेळ्या राखल्या आहेत. साहेबांनी विचारलं, काच कशी होती. मी घाबरून म्हटलं, पुसली होती. ते म्हणाले, हो, परवा चांगली चमकत होती. मला वाटलं, देवाने पाठराखण केली."

त्याचे खोटे परिस्थितीशी इतके बेमालूम जुळले होते, की कुणाला शंका आली नव्हती.

"यंत्र ठिपका निवडतं कसं?" ओब्दुलियांनी मला विचारले.

"त्या भागातला सर्वांत उजळ ठिपका पकडतं. बाकीचे सोडून देतं."

"आणि ही काच तीन तारखेला उजळ नव्हती. असणं शक्यच नव्हतं." त्यांनी आजूबाजूला पाहिले. "म्हणजे तुम्ही पकडलात तो ठिपका हिचा नव्हेच. दुसरीच काच जवळपास कुठेतरी होती. चार तारखेला ती इथे नव्हती, तेव्हा तुम्हाला ही मळकी सापडली, आणि नेम पुन्हा बरोबर निघाला."

खांबापासून थोड्याच पावलांवर, उताराच्या कडेला, एक लाकडी क्रूस होता. तानाउसू जिथून पडला ती जागा. त्याच्या हातांवर फुले सुकून गेली होती, आणि एक पांढरी रिबीन वाऱ्यावर फडफडत होती. ओब्दुलियांनी तिची गाठ चिमटीत धरली. ती खाली काही बांधण्यासाठी मारलेली गाठ होती. बांधलेली वस्तू मात्र तिथे नव्हती.

"तीन मे," त्या पुटपुटल्या. "देवा, मी कशी विसरले?"

५

आमच्या बेटांवर तीन मे हा क्रुसाचा दिवस. जिथे कुणी दगावले असेल तिथला क्रूस त्या दिवशी फुलांनी मढवायचा. आणि ज्यांचे दुःख ताजे असेल ते घरातले दागिने, चकाकणारे जे काही असेल ते त्यावर टांगतात. संध्याकाळी सगळे उतरवून घरी न्यायचे, कारण सोने रात्री उघड्यावर ठेवत नाहीत. हे मला पाळण्यापासून ठाऊक होते. तरीही पडद्यावरच्या ठिपक्याशी मी त्याची सांगड घातली नव्हती.

दोन्या बेनिग्ना दारातच उभ्या होत्या, काळ्या कपड्यांत, ताठ. त्यांनी मला ओळखले आणि नजर वळवली. "बसा. बेरोच्या पाल्याची आमटी आहे, भाजक्या पिठाचा गोफिओ आहे. जाड्या बाईला पुरेल एवढं आहे."

"ऐकलंत वाटतं," ओब्दुलिया हसल्या.

"सगळ्या दरीने ऐकलं."

जेवण होईपर्यंत ओब्दुलियांनी कामाचा शब्द काढला नाही. पाम वृक्षाच्या मधाबद्दल बोलल्या, गुडघ्यांबद्दल बोलल्या. मी मात्र खिडकीच्या कट्ट्याकडे पाहत होतो. तिथे दागिन्यांच्या पेटीशेजारी, नक्षीच्या रुमालावर, ती काच ठेवलेली होती. लखलखीत, एक डागही नसलेली.

"सुरेख आहे," ओब्दुलिया सहज म्हणाल्या.

"तानाउसूने दिली. जानेवारीत, तीन राजांच्या सणाला आणली होती, गेल्या वर्षी. म्हणाला, आई, ही काच फसवत नाही. जो तिच्याकडे प्रकाश पाठवतो त्यालाच परत देते. तू अंगणात ही हातात धरून उभी राहिलीस ना, तर तू मला तिथून, डोंगरावरून दिसशील." त्यांनी काच उचलून आमच्यापुढे धरली. "बघा आत. बघणाऱ्याला नेहमी स्वतःचाच डोळा दिसतो. कुठूनही बघा."

मी पाहिले. काचेच्या ऐन मध्यभागी माझा डोळा होता, आणि तो भरून आला होता.

"मला त्यात तो दिसतो," दोन्या बेनिग्ना म्हणाल्या. "डोळे माझ्यावर गेले होते ना त्याचे."

ओब्दुलियांचा आवाज मऊ झाला. "क्रुसाच्या दिवशी ही वर नेली होतीत?"

"रोज पुसते मी. त्या दिवशी पुन्हा पुसली आणि त्याच्या क्रुसाला बांधली, डोंगराकडे तोंड करून. उन्हं कलेपर्यंत तिथेच बसले होते." त्या थांबल्या. "तुम्ही त्या डोंगरावरच्या स्थानकातल्या ना? एक विचारायचं होतं. त्या दिवशी कुणाला काही दिसलं का?"

खरे उत्तर एका वाक्याचे होते. त्या दिवशी आम्ही तुमचाच ठिपका पकडला, आणि त्या थोड्याशा पावलांच्या फरकाने आमची शलाका तुमच्या मुलाच्या यानाला चुकवून अंधारात निघून गेली.

"ते मला नाही सांगता येणार," ओब्दुलिया म्हणाल्या. "त्या दिवशी काचेकडे बघणारी यायसा होती. तिलाच विचारावं लागेल."

दोन्या बेनिग्नांनी काच रुमालावर ठेवली. "ती इथे येणार नाही," त्या म्हणाल्या. "मीच तसं सांगितलंय."

६

"तू पहिल्याच दिवशी ओळखलंस," ओब्दुलिया यायसाला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्याच बाकावर होतो. यायसाने नाही म्हटले नाही.

"चार तारखेला मळका ठिपका बघितलास, आणि आदल्या दिवशीचा उजळ ठिपका तुला आठवला. आरसा किंवा सोन्याचा दागिना वाऱ्यात हलताना प्रकाश आल्या वाटेने परत पाठवत नाही. ते काम तीच काच करू शकते. तिच्या जोडीची काच सासूच्या खिडकीत असते, हे तू संसार करत होतीस तेव्हापासून बघितलेलं. तारीख तर समोरच होती. म्हणून तुला खात्री होती, की आठ तारखेला नेम बसणार. कारण आठ तारखेला सण नाही."

"हो."

"कारण सांगितलं असतंस तर वेळ मिळाली असती. आळही उतरला असता."

"कारण लिहिलं गेलं असतं. अहवालात, तिच्या नावासकट." यायसाने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. "मग कुणीतरी तिला सांगितलं असतं. चानोने, गावातल्या कुणीतरी, एखाद्या वर्तमानपत्राने. तो गेल्यावर तिच्याकडे दोनच गोष्टी उरल्या आहेत, क्रूस आणि काच. ज्या दिवशी तिने त्या दोन्ही एकत्र बांधल्या, त्याच दिवशी त्याचं यान आंधळं झालं, असं तिला कळू द्यायचं? माझ्या फोनने त्याला धारेवर चढवलं. ते ओझं कसं असतं, मला माहीत आहे. तिला मी ते देणार नाही."

"आणि पार्देला? ती गेली असती तर?"

"म्हणून तर नुसती वेळ मागत होते," यायसा म्हणाली. "रोज जाऊन साहेबांच्या दारात उभी राहत होते. उद्याची वेळ त्यांनी दिली नाही, तर आज रात्री मी बोलेन की गप्प बसेन, मला अजून कळत नाही. यान त्याचं आहे. आईही त्याचीच आहे."

ओब्दुलिया उठल्या. सेन्योर आन्सेल्मोंच्या खोलीत त्या बराच वेळ होत्या. दार बंद होते. आतून आधी साहेबांचा चढलेला आवाज आला, मग दोघांचाही नाही. बाहेर आल्या तेव्हा साहेब त्यांच्या मागे होते, हातात ती मखमली डबी. ती त्यांनी यायसाला दिली.

"ही काच चोरीला गेलेली नाही," ते खाकरत म्हणाले. "तुझ्या नवऱ्याने ती कामासाठी गोमेराला नेली होती. तिथेच आहे, काम करते आहे. बाईंनी तसं लिहिलंय. आणि तीन तारखेला धुळीमुळे मुख्य काच मंदावली, शेजारच्या एका चकाकत्या वस्तूवर नेम बसला. कुठली वस्तू, ते लिहायची गरज मला वाटत नाही." ते जरा घुटमळले. "मी तुझ्याशी नीट वागलो नाही, यायसा. उद्या आकाश तुझं आहे."

७

आठ तारखेला चानो पहाटेच धारेवर गेला. त्याने काच इतकी निगुतीने पुसली, की ठिपका पडद्यावर येताच मी उगाचच दचकलो. यायसाने तो पुन्हा पुन्हा तपासला. मग दुर्बीण वळली.

आमच्या कामात एक विलक्षण नियम आहे. यान जिथे दिसते तिथे शलाका सोडायची नसते, कारण ते दिसणे जुने असते; प्रकाश पोहोचेपर्यंत ते जिथे गेलेले असेल तिथे, पुढे, नेम धरायचा असतो. यायसाइतके अचूक हे कुणाला येत नाही. दुःखात मात्र आपण सगळेच जुन्या जागेवर नेम धरून बसतो. जिथे ते माणूस शेवटचे दिसले होते, तिथे.

शलाका निघाली. घुमटाबाहेर लख्ख ऊन होते, आणि पाहण्यासारखे काहीही नव्हते. यायसाने ते लहानसे कार्ड क्षणभर प्रकाशाच्या वाटेत धरले. ते हिरवे उजळले. तिने ते काढून घेतले. त्यानंतर प्रकाशाच्या जाण्या-येण्याइतका वेळ थांबायचे होते. ओब्दुलियांच्या हातातले अंजीर तसेच राहिले.

माझ्या पडद्यावरची रेषा सरळ होती.

आम्ही वाट पाहत राहिलो. पार्देला डोंगरामागे उतरेपर्यंत यायसाने शलाका तिच्यावरून हलू दिली नाही. नेम चुकला नव्हता, याची मी शपथ घेऊ शकतो. समोर कुणीतरी असते, तर त्याला आम्ही दिसलो असतो. रेषा शेवटपर्यंत सरळच राहिली.

"म्हणजे ती तीन तारखेला जिवंत होती," सेन्योर आन्सेल्मो हळू आवाजात म्हणाले, "आणि मधल्या काळात..."

"किंवा तेव्हाही नव्हती," ओब्दुलिया म्हणाल्या. "हे कोडं माझ्याच्याने सुटायचं नाही. कुणाच्याच नाही."

यायसाने यंत्र बंद केले, खुर्ची मेजाखाली नीट सरकवली आणि मला विचारले, "आइराम, रविवारी मला बंदरावर सोडशील?"

मी तिला सोडले नाही, तिच्याबरोबर गेलो. गाडीतून उतरल्यावर चानो नेहमीच्या वळणावर थांबला आणि त्याने बोट तोंडाकडे नेले, पण यायसाने मान हलवली. न कळवताच ती पायऱ्यांखाली जाऊन उभी राहिली. मी मागे, अंजिराच्या झाडाशी थांबलो.

दोन्या बेनिग्ना दारात आल्या. म्हातारीच्या हातात पुसायचे फडके होते, आणि फडक्यात ती काच.

"क्रुसाच्या दिवशी ही वर बांधली होती मी," त्या म्हणाल्या. "तो म्हणायचा, तिथून दिसतं. त्या जाड्या बाईने सांगितलं, तू बघत होतीस." त्यांनी काचेवरून एकदा फडके फिरवले. "दिसले का मी?"

यायसाने वर पाहिले.

"दिसलात," ती म्हणाली. "त्या दिवशी आम्हाला तुमच्याशिवाय दुसरं काहीच दिसलं नाही."

दोन्या बेनिग्नांनी काच फडक्यात गुंडाळली, आणि दारातून एका बाजूला सरकून उभ्या राहिल्या.